नेहमीसारखा चेहरा

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. तेव्हा लॅपटॉपला अजून झाकण असे. झाकण उघडताना बारीक करकर व्हायची, मग पंखा घरघरायचा आणि थोड्या वेळाने मांडीला ऊब लागायची. थंडीत ती ऊब बरी वाटे. आता हवेत बोटं फिरवून कामं करणाऱ्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. त्या झाकणाआड काय काय झालं, ते ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना ती करकर अजून ऐकू येते.

त्याच वर्षी अपडेटमधून 'राखण' आली.

त्याआधी काही वर्षं माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून, धमकावून लुबाडायचे प्रकार फार माजले होते. स्क्रीनवर खोटा पोलीस यायचा, खोटं वॉरंट दाखवायचा आणि म्हातारी माणसं थरथरत स्वतःच्या हाताने सगळं देऊन मोकळी व्हायची. पासवर्ड खरा, बोटाचा ठसा खरा, माणूसही खरा. फक्त त्याच्या मानेवर कुणाचा तरी हात. तो हात यंत्राने ओळखावा कसा?

तर ओळखता येतो, असं निघालं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखालून रक्ताची एक लाट जाते आणि गालाचा रंग कणभर बदलतो. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, पापणी किती भरभर लवली, बोटाने कळ किती जोरात दाबली, तेही कळतं. आता कुणाचं काळीज मुळातच धडधडं, कुणाचं संथ. म्हणून नवं यंत्र पहिले काही आठवडे मालकाचा चेहरा नुसतं न्याहाळायचं आणि या माणसाचं 'नेहमीसारखं' म्हणजे काय, ते शिकून घ्यायचं. त्रेचाळीसच्या अपडेटने त्या शिकलेल्यावर पहारा बसवला. चेहरा नेहमीसारखा नसला की स्क्रीन काळी, कॅमेऱ्याचं चित्र नि माइकचा आवाज बाहेर जाणं बंद आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एक निरोप. चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला की सगळं आपोआप सुरू.

लोकांनी डोक्यावर घेतलं. कोर्टंही या नोंदी पुरावा म्हणून मानू लागली. माणूस खोटं बोलेल, त्याचं रक्त कशाला बोलेल, असं तेव्हा सगळे म्हणत.

ईश्वरी पराते त्या वेळी चौतिशीत होती. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे ती पवनीला बेबीआत्याच्या मागाशेजारी वाढली. कोसा रेशमाच्या साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, ती आत्या विणायची आणि पोर पाटीवर गिरवायची. मोठेपणी तेच तिचं काम झालं. ती लॅपटॉपवर काठांची नक्षी काढून विणकरांना पाठवायची. लग्न नागपूरला झालं. नवरा प्रणय एका मोठ्या गोदामात पाळीप्रमुख होता, उंच, देखणा, चारचौघांत हसून बोलणारा.

लॅपटॉप त्यानेच आणून दिला, कौतुकाने. मात्र प्रणय घरी असल्याशिवाय तो उघडायचा नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलं. ती कामाला बसली की तो शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि डावा हात तिच्या मानेवर ठेवायचा. पाहणाऱ्याला वाटावं, केवढी माया!

"कोणाले लिहून राहिली?"

"व्यापाऱ्याले. काठ आवडला म्हणते ते."

"काठ आवडला का तू आवडली?"

एकदा अशाच एका 'फार सुंदर' अशा निरोपावरून त्याने झाकण मिटलं. तिची बोटं कळांवरच होती. तो उठून उभा राहिला आणि झाकणावर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज झाला, हिरव्या काडीसारखा. ती ओरडली नाही, कारण शेजारच्या खोलीत रेवा निजली होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने तिला हळदीचं दूध पाजलं आणि पुन्हा शेजारी येऊन बसला. वाकड्या करंगळीने तिने तो काठ पुरा केला.

ढुंगणावर पट्टा, पोटात गुडघा, गॅसवर तापवलेला चमचा, सगळं सहा वर्षं त्या लॅपटॉपच्या आगेमागे चाललं. मग एका संध्याकाळी प्रणय दारातून आत आला आणि सात वर्षांच्या रेवाने, कुणी हात उगारला नसताना, आपण होऊन दोन्ही हात डोक्यावर धरले. ईश्वरीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर जाताच ती पोरीला आणि लॅपटॉपला घेऊन पवनीला आली.

महिनाही झाला नसेल. पवनीच्या शाळेच्या फाटकातून प्रणयने रेवाला उचललं आणि आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. बाप होता, मास्तरांनी अडवलं नाही. ईश्वरीने कोर्टात अर्ज केला. आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपने अपडेट घेतलं आणि स्क्रीन काळी पडली.

पंखा फिरायचा, कळांखालचे दिवे लागायचे, सुरू झाल्याची घंटी वाजायची. नुसती स्क्रीन काळी, विहिरीसारखी.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून एक हवालदार आला.

"इथं कोणाले डांबून ठेवलंय काय, आजी? यंत्राचा निरोप आला."

"हो, ठेवलं ना," बेबीआत्या मागावरून न उठता म्हणाली, "त्या टोपल्याखाली कोंबडी हाय. सोडवता काय?"

हवालदार हसून चहा पिऊन गेला. पण निरोप गेला तो गेलाच. लॅपटॉपची खरेदी प्रणयच्या नावावर असल्यामुळे त्याचा अहवाल त्यालाही मिळाला. त्याचा वकील लांजेवार, त्याने तो कोर्टात लावला. अपडेटने जुन्या सगळ्या नोंदी तपासल्या होत्या. नागपूरच्या सहा वर्षांत दडपणाची एकही खूण नव्हती. पवनीला मात्र रोज. लांजेवारने लिहिलं, बाई नवऱ्याजवळ सुखात होती, आत्याने तिला दमात घेतलंय, अशा घरात लेकरू कसं द्यावं?

ते वाचून ईश्वरीला स्वतःचीच शंका आली. रक्त खोटं बोलत नाही म्हणतात. मग मी खरंच सुखात होते की काय?

आत्याने तिच्या हातातून तो कागद काढून घेतला. "त्या डब्याले काय कळते वं? तुही करंगळी पाह्य, माह्या पोरी, करंगळी."

लॅपटॉप घेऊन दोघी गभनेभाऊंकडे गेल्या. त्यांचं दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडच्या समोर होतं. ईश्वरी दाराकडे तोंड करून बसली. नागपूरची बस आत वळली तशी तिची नजर उतरणाऱ्या एकेका माणसावर खिळली. हा तो नव्हे. हाही नव्हे. गभनेभाऊंनी तिच्यापुढे लॅपटॉप ठेवून बटण दाबलं आणि स्क्रीन लख्ख उजळली.

"चालू हाय की, ताई! नवाकोरा चालते."

"घरी चालत नाही, भाऊ."

"घरी काही भूतबाधा?"

"घरी मीच हाय भूत," आत्या म्हणाली.

"मंग तुम्हाले पाहून झाकते डोये," गभनेभाऊ म्हणाले, आणि आत्याने त्यांच्या टेबलावरचा पेचकस उचलून धाक दाखवला. जाताना त्यांनी युक्त्या सांगितल्या. बटण बराच वेळ दाबून धरा. टॉर्च लावून पाहा, पुसट अक्षरं दिसली तर आतला दिवा गेला असं समजा. टीव्हीला वायर जोडून पाहा. सगळं करून थकल्या तर शांत बसा, यंत्रच म्हणते, शांत बसा.

दुकानात चालला म्हणून ईश्वरी निर्धास्त झाली. तिथेच चुकली. पहिली सुनावणी त्या काळी स्क्रीनवरच होई, आणि ती ज्याच्या त्याच्या नोंदलेल्या यंत्रावरूनच. न्यायाधीशबाईंना आईच्या तोंडून ऐकायचं होतं. आई हजर झाली नाही, तर मामला एकतर्फी, आणि रेवा तिकडची.

सुनावणीच्या सकाळी ती न्हाऊन, केस बांधून बसली. झाकण उघडलं. करकर झाली, घंटी वाजली. काळं.

तिने बटण दाबून धरलं. यंत्र मेलं, पुन्हा उठलं. काळं. टॉर्च टेकवून काचेवर नाक लावून पाहिलं, एक अक्षर नाही. टीव्हीला जोडलं, तर टीव्हीही काळा. स्पीकरमधून मात्र एक गोड आवाज सांगत होता, आपण प्रतीक्षेत आहात, आपण प्रतीक्षेत आहात. तिने वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी थोडा वेळ ओढते, पण तुम्ही दिसलं पाहिजे, ताई, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

आत्याने ताकाचा पेला आणून दिला आणि लहानपणी निजवायची तशी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. ईश्वरीने डोळे मिटून श्वास खोल घेतला. या घराचा वास आला, ओल्या कोशाचा आणि कण्यांच्या खळीचा. छाती हलकी झाली. तिने डोळे उघडले. स्क्रीन अधिकच काळी वाटली.

आत्या मागावर परतली. आणि गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा हॉर्न वाजला. दोन तुटक, एक लांब, प्रणय घरी येताना वाजवायचा तसा.

ईश्वरीच्या तळहातांना घाम फुटला, आणि स्क्रीन उजळली.

चौकटीत न्यायाधीशबाई मान खाली घालून काही वाचत होत्या. शेजारच्या चौकटीत लांजेवार बोलत होता. ईश्वरी क्षणभर हरखली. मग तिने दाराकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. हे यंत्र तिचा चेहरा शिकलं होतं, तेव्हा त्याचा हात तिच्या मानेवर होता. त्याच्या धास्तीतला चेहरा, तोच यंत्राला नेहमीसारखा.

तोंड उघडायच्या आत दाराची कडी लाथेने तुटून पडली. ती खुर्चीतच दाराकडे वळली, आणि समोर चेहरा नसल्याने स्क्रीन पुन्हा काळी झाली.

"वकील तिकडे बोलून राहिला," प्रणय आत येत म्हणाला, "म्हटलं आपण बायकोले न्याले जाऊ."

बेबीआत्या मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यातून मुसळ घेऊन उठली. "माह्या घरातून निंघ, मुडद्या!" तिने मुसळ त्याच्या खांद्यावर घातलंही. त्याने ते हिसकावलं आणि तिला दोन्ही हातांनी ढकललं. सत्तरीची बाई ती, मागाच्या खांबावर डोक्याने आदळली आणि ताण्याच्या दोऱ्यांवर पडली. पिवळा कोसा बघता बघता लाल होत गेला.

"आत्या!" म्हणून ईश्वरी उठली. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला खुर्चीवरून खेचलं. ती फरशीवर पडली. त्याचा बूट तिच्या बरगडीत बसला, एकदा, पुन्हा एकदा. काहीतरी आत तुटलं आणि श्वास अर्ध्यावर अडला. वर टेबलावर स्क्रीन काळीच होती. त्याने तिकडे पाहिलं आणि हसला.

"काळाच हाय ना अजून? रिपोर्ट वाचला मी. तो डब्बा बी म्हणते, नवऱ्याजवळ राह्य." त्याने शर्ट झटकला. "झालं तुहं कोर्ट. सामान बांध. मी गाडी आणतो."

तो दाराकडे वळला. त्याची पाठ दिसताच ईश्वरीच्या अंगातून सुटकेची एक लाट गेली. हा जाईल. हा दोन पावलं जाईल तेवढ्यात मी मागच्या दाराने पळू शकते. पण कोर्टाने काही पाहिलं नव्हतं. रेवा त्याच्या बहिणीच्या घरी हात डोक्यावर घेऊन बसली असेल. ती रांगत खुर्चीपाशी गेली, वर चढून बसली आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला. काळं. तो लांब होता, म्हणून काळं.

सासरी, पराते घराण्यात, एक गोष्ट कुणी उच्चारत नसे.

"ऐका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच ओळखू आला नाही. "तुमची माय विहिरीवर पाय घसरून नव्हती पडली. तुमच्या बापाच्या मारानं उडी टाकली तिनं. तुम्ही काठावर उभे होते. पाहून राहिले होते."

तो थांबला. वळला. त्याने पहिलं पाऊल उचललं आणि स्क्रीन उजळली.

ती हलली नाही. त्याचा डावा हात मानेवर बसला, नेहमीच्या जागी, अंगठा कानाखाली. उजव्या हाताची मूठ जबड्यावर आली. दात तुटून जिभेवर आला. तिने टेबलाच्या दोन्ही कडा धरल्या आणि चेहरा होता तिथे परत आणला. दुसरी मूठ डोळ्यावर. चेहरा परत. तिसरी. "बोल! आता बोल मायबद्दल!" तो ओरडत होता आणि त्याला त्या खोलीत दुसरं काही दिसत नव्हतं. रक्त कळांवर ठिबकत होतं. ती फुटल्या डोळ्याने फक्त समोरचा उजेड जाऊ नये म्हणून पाहत होती.

"प्रणय! अरे, हात काढ!" स्पीकरमधून लांजेवार किंचाळला. "हात काढ, मूर्खा, सगळं दिसतंय!"

प्रणयने मान वर केली. चौकटीत त्याला स्वतःचा हात दिसला, आणि त्याच्यावर रोखलेले न्यायाधीशबाईंचे डोळे. त्या फोनवर कुणाला तरी पवनीचा पत्ता सांगत होत्या. तो सांगून झाल्यावर त्या लांजेवारकडे वळल्या.

"स्क्रीन चालू आहे, म्हणजे त्या शांत आहेत, असं तुमचं म्हणणं होतं ना, वकीलसाहेब?"

प्रणयने लॅपटॉप उचलून झाकणासकट ईश्वरीच्या कानशिलावर हाणला. काच फुटली. आवाज ऐकून गल्लीतले विणकर धावत आले, त्यांनी त्याला फरशीवर पालथा पाडला. त्यांच्या गुडघ्यांखालीही तो ओरडत होता की ही माझी बायको आहे.

पुढे कोर्टाने जाणकार बोलावले. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, यंत्राला भीती कळत नाही, त्याला फक्त नेहमीसारखं आणि नेहमीसारखं नाही, एवढंच कळतं. मग न्यायाधीशबाईंनी प्रणयच्या खिशातल्या फोनची नोंद मागवली. त्यातही राखण होती. दार फोडण्यापासून काच फुटेपर्यंत तिने खिशात छातीला लागून त्याचे ठोके मोजले होते. त्या सगळ्या वेळात त्याच्या नावापुढे एकच शब्द होता, नेहमीसारखं.

प्रणयला नऊ वर्षांची शिक्षा झाली. लांजेवारने कौटुंबिक मामले घेणं सोडलं आणि जमिनीचे दावे लढू लागला. गभनेभाऊंच्या दुकानात पाटी लागली की घरी न चालणारं यंत्र आणाल, तर आधी घरात कोण आहे ते सांगा. लोक ती वाचून हसत. बायका हसत नसत. बेबीआत्याचा उजवा हात त्या मारानंतर उठला नाही. ती मागाशेजारी बसून दुसऱ्यांच्या विणण्यात खोड्या काढत चार वर्षं जगली, आणि गेली ती लाल डागाची ती अर्धी साडी अंगावर घेऊन. तसं तिने सांगूनच ठेवलं होतं.

रेवा त्याच आठवड्यात आईकडे आली. तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला लॅपटॉप घेतला. ईश्वरीने तो तिला नदीच्या घाटावर, मैत्रिणींच्या गराड्यात उघडायला लावला. पाहता पाहता ती रीतच पडली. भंडाऱ्याकडे अजून लेकीचं नवं यंत्र माहेरी उघडतात, सासरी नाही. रेवा आता पूल बांधते आणि आईला रोज फोनवर रागावते.

ईश्वरीचा डावा कान गेला आणि एक डोळा अधू झाला. नवं यंत्र मिळालं, पण चेहरा शिकायला त्याने फार दिवस घेतले. तिचं नेहमीसारखं म्हणजे काय, ते तिलाच ठरवता येत नव्हतं. हळूहळू स्क्रीन टिकू लागली. काठ पुरे होऊ लागले.

प्रणय सुटून आला त्या वर्षी तो तिला एकदाच दिसला. पवनीच्या बाजारात, लांबून, केस पिकलेला, कांदे निवडत होता. त्याने तिला पाहिलं नाही. ती घरी आली, कडी लावली आणि सवयीने कामाला बसली. झाकण उघडलं. घंटी वाजली.

स्क्रीन काळी.

या यंत्राला हा चेहरा नेहमीसारखा वाटला नव्हता. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग वाकडी करंगळी त्या काळ्या काचेवर टेकवली आणि काळीज थाऱ्यावर यायची वाट पाहत बसली. तोंडावर पदर धरून ती हसत होती.